पांघरूण

जुन्या गोव्याला मी जुलैत गेलो, भर पावसात. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस सुटली, मांडवीच्या कडेकडेनं जात रायबंदर मागं पडलं आणि थोड्याच वेळात बॉम जेझू बॅसिलिकेची लाल भिंत समोर आली.

घरी ‘फिरायला जातो’ म्हणून सांगितलं होतं. खरं म्हणजे त्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, आणि मला तिथं असायचं नव्हतं.

मी मंडळीचा सचिव. गेल्या वर्षी हंगामाच्या सणात लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावाचे 18,000 रुपये माझ्याकडे जमा होते. घराचा हप्ता थकला होता, ते मी त्यात घातले. दोन महिन्यांत परत भरले. वही चोख आहे, कुणाला काही कळलं नाही. पण तेव्हापासून मेजावर भाकर आणि प्याला मांडला गेला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडतो. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकतो आणि तसाच उठतो. एदेन बागेत झाडाआड लपलेल्या आदामाला देवानं विचारलं, ‘तू कोठे आहेस?’ रविवारच्या शाळेत मुलांना शिकवताना मी ते दरडावून म्हणायचो. हरवलेलं लेकरू शोधणारा बापही हेच विचारतो, हे तेव्हा मनातच आलं नाही.

बॅसिलिकेचा पाया 1594चा, अभिषेक 1605चा. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आत आहेत, त्यामुळे बहुतेक माणसं थेट तिकडेच जातात. मी बाहेर भिंतीपाशी रेंगाळलो. दर्शनी बाजूच्या नक्षीला वसईहून आणलेला काळा दगड, बाकी सगळा जांभा. या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. 1950च्या दशकात तो खरवडून काढला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. गिलावा गेला तशी भिंत दर पावसाळ्यात थोडीथोडी झिजू लागली. पुन्हा गिलावा करा असं जाणकार सांगतात, पण लोकांना आता ती लालच आवडते. मी बोट फिरवलं, तांबडी माती बोटाला लागली.

मला बायबलातलं 32वं स्तोत्र आठवलं. मी गप्प राहिलो तेव्हा माझी हाडं झिजली, असं दावीद त्यात म्हणतो. ज्याच्या पापावर पांघरूण घातलंय तो धन्य, हे पहिल्याच ओवीत. आणि पाचव्यात, मी माझी अनीती झाकून ठेवली नाही. मूळ इब्रीत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. अंजिराची पानं आदाम-हव्वेनं स्वतः शिवली होती, चामड्याची वस्त्रं देवानं करून दिली. माझी चोख वही म्हणजे अंजिराची पानं होती.

आत एका बाजूला कबुलीची लाकडी चौकट. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, “कुमसार करायचं का तुम्हाला? पाद्री येतील आता.”

“नाही आजी, मी प्रोटेस्टंट. आमच्यात थेट देवालाच सांगतात.”

“सांगितलंत?”

त्यांनी अगदी सहज विचारलं होतं. मला उत्तर देता येईना. मी नुसती मान हलवली. त्या जपमाळेकडे वळल्या. मी तिथंच बसलो आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा, हळू पण तोंडानं, रकमेसकट सगळं सांगितलं. डोळे पुसायलाही सुचलं नाही.

पण पैसे मंडळीचे होते. तेव्हा देवाला सांगून झालं तरी मंडळीला सांगायचं उरलंच होतं.

व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली दिवाडी बेटाच्या फेरीच्या धक्क्यावर गेलो. फेरी पलीकडे होती. पाळकसाहेबांना फोन लावला. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती : सचिवपद सोडतो, मंडळीसमोर उभा राहतो, म्हणाल ती शिक्षा घेतो. पैशांचं सांगून झालं आणि पदापर्यंत आलो, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. बराच वेळ नुसता पावसाचा आवाज.

“जे काय करायचं ते बसून ठरवू,” ते म्हणाले. “आज प्रभुभोजनाला तुझी जागा मोकळी होती, बघितली मी. गाडी नगरला कधी पोचते?”

“पहाटे. साडेचारला.”

“स्टँडवर येतो मी.”