टीमसिटीत कमिट ज्याचा, त्याच्याच नावावर कसा लावायचा

टीमसिटीवर (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या सर्व्हरवर) बिल्ड फेल होतं, कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, तुमचाच असतो, तरी नोटिफिकेशन येत नाही. टीमसिटीचा यूजर आणि गिटमधला ऑथर ही एकच व्यक्ती आहे, हे बहुतेक वेळा सर्व्हरला कुणी सांगितलेलंच नसतं. सर्व्हर माणूस ओळखत नाही, अक्षरं जुळवतो. ती जुळली नाहीत तर स्वतःच्या बदलांच्या यादीत कमिट दिसत नाही, फेल झालेल्या बिल्डचा तपास आपोआप कुणाकडे तरी सोपवणाऱ्या ऑटो-असायनरला जबाबदार माणूस सापडत नाही, आणि एररही कुठे येत नाही. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

नाव भरायची जागा यूजरच्या प्रोफाइलमध्ये, व्हीसीएस (व्हर्जन कंट्रोल) यूजरनेम्सखाली आहे. इतरांची नावं अॅडमिन भरू शकतो. सगळ्या गिट रूट्ससाठी (रूट म्हणजे टीमसिटीत रिपॉझिटरी जोडणारं सेटिंग) एक डिफॉल्ट देता येतो, एखाद्या रूटसाठी वेगळं नावही देता येतं. एकाहून जास्त नावं असतील तर प्रत्येक नाव नव्या ओळीवर लिहा.

पण काय भरायचं, हे गिट रूटमधली 'यूजरनेम स्टाइल' ठरवते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. यूजर आयडी ही स्टाइल असेल तर ईमेलमधला @ च्या आधीचा भागच घेतला जातो. तिथे पूर्ण ईमेल भरला तर कधीच जुळणार नाही. शिवाय दोन वेगळ्या डोमेनवर @ च्या आधीचं नाव सारखं असेल, तर दोन माणसं एकच होऊन बसतात. बाहेरचे कंत्राटी डेव्हलपर असतील तिथे मी पूर्ण ईमेलची स्टाइलच निवडेन. मात्र ती सुरुवातीलाच ठरवा: स्टाइल बदलली तरी आधी गोळा झालेले बदल जुन्याच नावाने राहतात. मधेच बदलावी लागली तर जुनं नाव पुसू नका, नवं त्याखाली जोडा.

गिटहबवर ईमेल लपवलेला असेल तर वेबवरून केलेल्या मर्जवर गिटहबने दिलेला नोरिप्लाय पत्ता लागतो. नव्या खात्यांत त्यातला @ च्या आधीचा भाग '१२३४५६७+नाव' अशा रूपात असतो. यूजर आयडी स्टाइल असेल तर आकडा आणि अधिकचिन्ह धरून हा पूर्ण भाग भरावा लागतो. नुसतं नाव चालत नाही.

अंदाजाने काहीच भरू नका. टीमसिटीत तो बदल उघडा, तिथे दिसणारं नाव जसंच्या तसं कॉपी करा. तिथे 'रूट' (वरचा गिट रूट नव्हे, मशीनचा अॅडमिन यूजर) किंवा 'अॅडमिनिस्ट्रेटर' दिसलं, तर त्या मशीनवर गिटचा ईमेल सेट नाही आणि गिटने लॉगिन व होस्टनेमवरून तो स्वतःच बनवला आहे. हे नाव कुणाच्याही प्रोफाइलला जोडू नका. त्या मशीनवर ईमेल सेट करा आणि गिटचं 'यूजर.यूजकॉन्फिगओन्ली' (user.useConfigOnly) हे सेटिंग ट्रू ठेवा. मग ईमेल नसेल तर गिट कमिटच करू देत नाही.