एफपीव्ही शिकतोय : रोजनिशीतली पानं

सोमवार, रात्री

रेडिओ, म्हणजे ड्रोन उडवायचा दोन स्टिकांचा रिमोट, घरात आलाय, ड्रोन अजून नाही. हे मुद्दाम ठरवून केलं. भाच्याला ते पटलेलं नाही. "ओ मामा, मग उडवायचं काय?" असं त्याने दुपारी फोनवर विचारलं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दाखवलं. रेडिओ यूएसबीच्या वायरने लॅपटॉपला जोडला की लॅपटॉप त्याला जॉयस्टिक म्हणून ओळखतो. लिफ्टऑफ, व्हेलोसिड्रोन, अनक्रॅश्ड अशी सिम्युलेटरं मिळतात, त्यातलं एक घेतलंय. उद्या खरा ड्रोन ज्या रेडिओवर उडणार, त्याच रेडिओवर आज अंगठे तयार होतात. म्हणून पैसे आधी इथे घातले. स्टिकखाली हॉल सेन्सर (चुंबकावरून स्टिकची जागा ओळखणारा) असलेला घेतला, कारण त्यात एकमेकांवर घासून झिजणारा भाग नसतो. ड्रोनमधल्या रिसीव्हरशी बोलायला त्यात ईएलआरएस (एक्सप्रेसएलआरएस) ही रेडिओ यंत्रणा आहे. ती यंत्रणा मुक्तस्रोत असल्यामुळे एकाच कंपनीच्या दावणीला बांधून राहावं लागत नाही. ड्रोन फुटतील, गॉगल बदलतील, रेडिओ मात्र वर्षानुवर्षं हातात राहणार आहे.

लग्नाच्या हॉलबाहेर शूटिंगवाल्यांचा ड्रोन आपण सगळ्यांनी पाहिलाय. स्टिक सोडली की तो जीपीएसच्या जोरावर हवेत तसाच उभा राहतो. एफपीव्हीचा (फर्स्ट पर्सन व्ह्यू) ड्रोन असा उभा राहत नाही. त्याच्या पुढच्या तोंडाला कॅमेरा असतो, त्यातलं चित्र रेडिओलहरींनी डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये येतं, आणि आपण आत बसल्यासारखं उडवायचं असतं. मला हेच हवं होतं. वरून गाव कसं दिसतं हे बघण्याची हौस मला कधीच नव्हती. दारातून, फांदीखालून, कट्ट्याच्या कडेने जाताना काय दिसतं, ते बघायचंय.

बुधवार, रात्री

ॲक्रो मोड. आज त्याबद्दल नीट लिहून ठेवतो, कारण सगळा खेळ इथेच आहे.

अँगल मोडमध्ये उजवी स्टिक पुढे ढकलली की ड्रोन पुढे झुकतो आणि सोडली की आपोआप सरळ होतो. ॲक्रोत स्टिक कोन सांगत नाही, फिरण्याचा वेग सांगते. पुढे ढकलली की ड्रोन पुढे फिरू लागतो, सोडली की फिरायचा थांबतो, पण ज्या कोनात थांबला त्याच कोनात राहतो. सरळ करायचा असेल तर उलट्या बाजूला तेवढीच स्टिक आपणच द्यायची. आणि झुकला की वर उचलणारा जोर कमी पडतो, म्हणजे त्याच क्षणी थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, वाढवायला हवा. डाव्या स्टिकला वर-खाली स्प्रिंग नसते, ती ठेवाल तिथे राहते. उंची राखण्याचं सगळं काम त्या एका अंगठ्यावर येतं.

सुरुवातीला लक्ष उजव्या हाताकडेच जातं, कारण वळणं, गिरक्या तिकडे आहेत. आज मी ते बाजूला ठेवलं. सिम्युलेटरमध्ये मोकळं मैदान घेतलं आणि जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर नुसतं सरळ पुढे जायचं, एवढंच करत बसलो. वर नाही, खाली नाही. यात काही बघण्यासारखं नसतं, आई मागून येऊन बघून गेली आणि काही न बोलता झोपायला गेली. पण तासाभराने अंगठा स्वतःहून हलायला लागला. विचार करून थ्रॉटल देणं आणि हाताने थ्रॉटल देणं यातला फरक आज पहिल्यांदा कळला, आणि कारखान्यात जुन्या फिटरच्या हातात जे असतं ते काय असतं तेही कळलं.

वळण ही दुसरी गोष्ट. कॅमेरा वरच्या बाजूला कललेला असतो, कारण पुढे जाताना ड्रोन नाक खाली घालून जातो. त्यामुळे नुसता रोल (कडेला कलणं) देऊन भागत नाही, त्याबरोबर यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवणं) द्यावा लागतो, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी. कॅमेऱ्याचा कोन जितका जास्त, तितकं वेगाने जावं लागतं. नवशिक्याने १५-२० अंशांच्या आसपास ठेवावा. यूट्यूबवरची पोरं त्याहून कितीतरी जास्त ठेवतात म्हणून आपणही ठेवायचा, हे मला मान्य नाही.

शनिवार

भाच्याची परीक्षा संपली, आता तो रोज येणार. आज त्याला २०१६ची दुबईची स्पर्धा सांगितली. तिथे वर्ल्ड ड्रोन प्री म्हणून शर्यत झाली होती आणि जिंकणारा ल्यूक बॅनिस्टर हा ब्रिटिश मुलगा १५ वर्षांचा होता. भाचा चौदाचा आहे. त्याने काहीच प्रतिक्रिया दिली नाही, पण नंतर रेडिओ माझ्या हातात परत आला नाही.

मला हे मनापासून वाटतं की आपल्या पोरांच्या हातात हे यायला हवं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घराघरात यंत्रमाग आहेत, मोटर भरणारे, सोल्डर करणारे, बेअरिंग आवाजावरून ओळखणारे लोक गल्लीगल्लीत आहेत. या छंदात लागणारं कसब आपल्या गावात आधीपासून आहे. ड्रोनमध्ये चार मोटरी, त्यांना चालवणारे ईएससी, जायरो (फिरणं मोजणारा सेन्सर) बसवलेला फ्लाइट कंट्रोलर, रिसीव्हर, कॅमेरा आणि व्हिडिओ ट्रान्समीटर. एवढंच. हे सगळं सांभाळणारं बीटाफ्लाइट हे सॉफ्टवेअरही मुक्तस्रोत आहे, कोणीही उघडून बघावं.

आणि एका अर्थी बांधायला शिकणं भागच आहे. तयार परदेशी ड्रोन आणायला ९ फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे, सुटे भाग मात्र आणता येतात.

रविवार

ड्रोन आला. टायनी वूप, ६५ मिलिमीटरचा. हे माप तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं. तळहातावर मावतो, प्रोपेलरभोवती प्लॅस्टिकची कडी आहेत, एकाच सेलची बॅटरी. बॅटरी धरूनही वजन ५० ग्रॅमच्या आत. भिंतीला धडकला तरी भिंतीला काही होत नाही आणि बहुतेक वेळा त्यालाही काही होत नाही. पाच इंची प्रोपेलरचा ड्रोन अर्ध्या किलोच्या पुढे जातो आणि त्याचं पातं बोट कापू शकतं. घरात आई आहे, भाचा आहे. त्यामुळे वूपच.

प्रोपेलर काढून मगच लॅपटॉपला जोडला. टेबलावर काम चालू असताना पाती लावायची नाहीत, हा नियम भाच्याकडून पाठ करून घेतला. मग फेलसेफ, म्हणजे रेडिओशी संपर्क तुटला की मोटरी थांबवणारी सोय, तपासला. रेडिओवरून मोटरी हळू फिरत ठेवल्या आणि रेडिओ बंद केला. क्षणात मोटरी थांबल्या. कारखान्यात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तसंच हे. संपर्क तुटलेला ड्रोन भलतीकडे उडत जाण्यापेक्षा आहे तिथे पडलेला बरा. ही तपासणी न करता कोणी उडवू नये असं मला ठामपणे वाटतं.

मंगळवार, रात्री

घरात उडवतोय. सोफ्याखालून, खुर्चीच्या पायांमधून, स्वयंपाकघराच्या दारातून आत आणि खिडकीशी वळून परत. रोज राहतो ते घर गॉगलमधून केवढंतरी मोठं वाटतं. देवघराच्या चौकटीखालून जाताना पितळी समई समोर एवढी येते की श्वास थांबतो. भिंतींपलीकडे मात्र चित्र लगेच खराब होतं. हे ५.८ गिगाहर्ट्झवर येणारं ॲनालॉग चित्र आहे, जाडजूड भिंत आणि स्लॅब आड आला की त्यात मुंग्या दिसायला लागतात. पण ते एकदम गोठत नाही, हळूहळू बिघडतं, आणि तेवढ्यात मागे फिरता येतं. नवशिक्याला ॲनालॉग पुरेसं आहे या मतावर मी आलोय. डिजिटलचं चित्र सुंदर असतं, पण त्याची किंमत वेगळ्याच घरातली.

गॉगल पेटीसारखा घेतला, चष्म्यावरूनही बसतो. पहिले काही दिवस थोडं मळमळतं. त्यावर उपाय एकच, मळमळायला लागलं की लगेच थांबणं. खुर्चीत बसून उडवलं तर त्रास कमी होतो.

बॅटरी तीन-चार मिनिटं जाते. गॉगलच्या कोपऱ्यात व्होल्ट दिसतात. ३.५च्या आसपास आलं की उतरायचं. पूर्ण भरलेल्या लिपो सेलला ४.२ व्होल्ट असतात, आणि काही दिवस वापरायची नसेल तर ३.८च्या आसपास आणून ठेवायची. भरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की खराब होते, फुगलेली तर वापरायचीच नाही. आपल्या उन्हाळ्यात याची जास्तच काळजी घ्यावी लागते. पारा बेचाळीसच्या वर जातो त्या दिवसांत गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. मी लादीवर, जवळपास कापड नसेल अशा कोपऱ्यात चार्ज करतो आणि चार्जिंग संपेपर्यंत खोली सोडत नाही.

गुरुवार

दुपारनंतर ड्रोन एका बाजूला ओढायला लागला. सरळ जायला सांगितलं तरी डावीकडे घसरायचा, आणि मागच्या डाव्या मोटरीचा आवाज इतर तिघींपेक्षा जाड येत होता. भाच्याने बोटाने एकेक पातं फिरवून बघितलं. तीन सहज फिरत होती, चौथं मध्येच अडत होतं. पातं काढलं तर खाली शाफ्टला पांढरी सुतळीसारखी वेटोळी. चादरीचं सूत. आमच्या घरात पलंगावर, दिवाणावर, सतरंजीवर सगळीकडे सोलापुरी चादर, त्यामुळे जमिनीवर सूत असतंच, आणि वूप जमिनीलगत गेला की ते ओढून घेतो.

चिमटा घेतला. मोटर केवढी, तर ०७०२, म्हणजे आतला स्टेटर ७ मिलिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर उंच. उजेडात धरून एकेक धागा टोकाने उचलायचा, ओढायचा नाही, उलट्या दिशेला सोडवत यायचं. भाच्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, त्याच्याकडेच दिलं. शेवटचा धागा शाफ्टच्या अगदी मुळाशी बेअरिंगमध्ये शिरला होता. तो निघाला आणि पातं फुंकरीने फिरलं. पुन्हा उडवलं तेव्हा चारही मोटरी एका सुरात. आता उडवायच्या आधी केरसुणी आणि नंतर चिमटा, असा रिवाजच पडलाय.

शनिवार, सकाळी

बाहेर कुठे उडवायचं हे आज नकाशा समोर ठेवून ठरवलं. ड्रोन नियम २०२१मध्ये आले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो समजला जातो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण हवाई हद्दीचे नियम त्यालाही लागू आहेत. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळं क्षेत्र, तिथे परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवं, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर रंग दिसतात.

होटगी रोडचा विमानतळ वर्षानुवर्षं शांत होता, तेव्हा कोणाला याचा विचार करावा लागला नसेल. विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ला पाडली गेली, जून २०२५पासून गोव्याचं विमान उडायला लागलं. आता सात रस्ता, विजापूर रोड, जुळे सोलापूर हे सगळं त्या ८ किलोमीटरच्या आत येतं. म्हणजे गच्चीवरही नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या गर्दीवर तर कधीच नाही, तिथे परवानगी मिळाली तरी मी उडवणार नाही, माणसांच्या डोक्यावर पाती फिरवायची नसतात. नान्नजचं माळढोक अभयारण्यही वर्ज्य. माळढोक इतके कमी उरलेत की त्यांच्या माळावर आपला आवाज नेणं पाप आहे.

ताईच्या सासरचं रान मोहोळच्या बाजूला आहे, विमानतळापासून बरंच लांब. ज्वारी निघालीय, रान मोकळं आहे.

रविवार, संध्याकाळी

सकाळी लवकर गेलो, वारा उठायच्या आत. वूप एवढा हलका की दुपारच्या वाऱ्यात तो आपल्या मनाने जातो.

बांधाजवळ खुर्ची टाकून बसलो. गॉगल घातला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा माणूस हवाच. ते काम भाच्याचं. "मामा, उजव्या अंगाला तारा हायत." "मामा, कुत्रं येऊलालंय, वर घे." त्याचा आवाज कानात आणि रान डोळ्यांत. ज्वारीची धसकटं खालून सर्रकन मागे जात होती, काळ्या मातीला पडलेल्या भेगा हातभर खोल वाटत होत्या, आणि बाभळीच्या खालच्या फांदीखालून पहिल्यांदा गेलो तेव्हा मी खुर्चीत बसल्या जागी मान खाली घातली. ॲक्रोतच होतो. थ्रॉटलचा अंगठा, ज्याला सिम्युलेटरमध्ये एवढा वेळ दिला, तो एकदाही विचारायला आला नाही.

मग भाच्याने उडवलं आणि मी बघत उभा राहिलो. त्याचं वळण माझ्यापेक्षा गोल आहे. दाजी बांधावर येऊन थांबले, जादाचा गॉगल डोळ्यांना लावून भाच्याच्या मागून त्यांचंच रान बघत राहिले. विहिरीवरून ड्रोन गेला तेव्हा म्हणाले, "पाणी एवढं खाली गेलंय, होय?" त्यांनी बॅटरी संपेपर्यंत गॉगल काढला नाही.

धूळ फार आहे. काळी माती कोरडी झाली की पिठासारखी बारीक होते आणि उतरताना मोटरींत जाते, त्यामुळे पुढच्या वेळी उतरवायला घरातली जुनी चादर अंथरायची नाही (सूत!), प्लॅस्टिकचा कागद न्यायचा. प्रोपेलरचे जादा संच मागवायचे. भाच्याला सोल्डर शिकवायला सुरुवात करायची, आधी निकामी बोर्डावर. पाच इंची बांधायचा तो त्याचा हात तयार झाल्यावर, तोवर त्याची फ्रेमसुद्धा घ्यायची नाही, असं दोघांनी मिळून ठरवलंय.