अडीच लाखांची सेवा

केनियातील एका शाळेत दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून शिकवण्यासाठी संस्थेचे शुल्क, विमानाचे तिकीट, विमा आणि निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागणारी पीतज्वराची लस असा सगळा हिशेब मांडला, तेव्हा आकडा अडीच लाखांवर गेला. आमच्या पाच एकर कापसाने गेल्या वर्षी एवढे हाती ठेवले नव्हते. बाबांनी एकच विचारले, “अन् तिथल्या मास्तरले त्यातले किती भेटतीन?” मी तेच संस्थेला विचारले, तर उत्तरादाखल जंगल सफारीचे माहितीपत्रक आले. (मला स्वाहिली येते का, हे कुणीच विचारले नाही.) तूर्तास मी उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथच्या, बाबा आमटेंनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीला जायचे ठरवले आहे, पासपोर्टचा अर्ज मात्र मागे घेतलेला नाही.