जुन्या आल्टोची चढलेली आयडलिंग: स्क्रूला हात लावण्याआधी

सपाट रस्ता, पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला आणि ॲक्सिलेटरवर पाय नाही. अशा वेळी 800 सीसीची आल्टो माणसाच्या झपाझप चालीने, ताशी सहाएक किलोमीटरने सरकते. माझी गाडी बाराच्या वर पळत होती, म्हणजे आयडलिंग (ॲक्सिलेटर न दाबता इंजिन मिनिटाला जेवढे फेरे घेतं ते, आरपीएम) 1800 च्या आसपास. गाडीला आरपीएमचा काटा नसेल तर एवढा अंदाज पुरतो. इंजिन गरम झाल्यावर 800 ते 950 योग्य. थंड इंजिनाला सकाळी दोन-तीन मिनिटं 1200-1500 राहणं आणि एसी लावल्यावर थोडी रेस वाढणं हा बिघाड नव्हे.

आमच्या पांढरकवड्याच्या (जि. यवतमाळ) पट्ट्यात या तक्रारीवर ठरलेलं उत्तर मिळतं: "भाऊ, स्क्रू कमी करून देतो ना." कार्बोरेटरच्या गाडीला ते चालायचं. एमपीएफआयमध्ये, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, थ्रॉटल (ॲक्सिलेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असताना लागणारी हवा बाजूच्या वाटेने जाते आणि ती किती सोडायची हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आयडल मोटरकरवी ठरवतं. थ्रॉटलचा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो फिरवला की टीपीएसचं (थ्रॉटल किती उघडलं ते सांगणाऱ्या सेन्सरचं) 'थ्रॉटल बंद'चं माप हलतं आणि मूळ बिघाड शोधणं आणखी अवघड होतं.

कारणं मुळात दोनच प्रकारची. एक, चोरवाटेने जास्तीची हवा शिरते. मॅप सेन्सरला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब वाढलेला दिसतो, ईसीएम तेवढं पेट्रोल वाढवतं आणि रेस चढते. दोन, ईसीएमला इंजिन थंडच वाटतं, म्हणून तेच मुद्दाम रेस वाढवतं. माझ्या गाडीत दोन्ही होती.

आधी केबल बघितली. फुफाट्याने ती आतून जड होते आणि पाय काढला तरी थ्रॉटल पूर्ण मिटत नाही. बॉनेट उघडून थ्रॉटलचा लिव्हर हाताने मागे ढकला. रेस उतरली तर दोष केबलचा. तिला दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच. माझी केबल ठीक होती.

मग रबरी पाइप. आपल्याकडच्या मे महिन्यात, 45 अंशांत, बॉनेटखाली जुनं रबर कडक होऊन टोकाशी चिरतं. शिवाय गाडी तुरीच्या नाहीतर कापसाच्या ढिगाजवळ उभी असेल तर उंदीर आलेच. इंजिन चालू ठेवून एकेक पाइप कापडात धरून पकडीने हलकेच दाबायचा: ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा), पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेचा), कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याचा). पीसीव्हीचा दाबल्यावर रेस थोडी पडते, ते चालतं. बूस्टरचा दाबल्यावर काहीच फरक पडायला नको. पडला तर पाइप किंवा बूस्टरचा पडदा गेला, आणि मग प्रश्न ब्रेकचा आहे, आधी तो सोडवा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर फवाऱ्याच्या बाटलीने साधं पाणी मारा. आवाज बदलला तर गळती तिथेच. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात. गरम सायलेन्सरजवळ तो पेट घेतो, मी मारत नाही. माझ्याकडे कॅनिस्टरचा पाइप खालच्या बाजूने कुरतडलेला निघाला. वरून दिसत नव्हता. नवा बसवताना पेट्रोलच्या वाफेला टिकणाराच घ्यावा. पाण्याची नळी काही महिन्यांत फुगते.

रेस उतरली, पण पूर्ण नाही, आणि सकाळी तर बराच वेळ चढलेलीच. इथे थर्मोस्टॅट आठवावा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्या भागात तो सर्रास काढून टाकतात. मग डिसेंबरात इंजिन नीट तापतच नाही, रेडिएटरचा पंखा क्वचितच फिरतो, ॲव्हरेज घसरतं. गाडी तापण्याचं खरं कारण बहुतेक वेळा बोअरच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये धरलेला क्षार असतो. माझ्या गाडीतलाही काढलेलाच होता. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट परत बसवला. किती अंशांना उघडतो तो आकडा त्याच्या अंगावर कोरलेला असतो. आधी दोऱ्याने उकळत्या पाण्यात सोडून उघडतो का बघा. हवा निघायचं बारीक छिद्र वर ठेवून बसवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. थंड इंजिनावर कॅप उघडी ठेवून चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा, कारण इंजिनाचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरभोवती हवा अडकली तर तो पुन्हा थंडच सांगतो. सेन्सर मल्टिमीटरवर तपासता येतो: 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम, 80 ला तीनशेच्या आसपास.

थ्रॉटल बॉडी शेवटी, इंजिन थंड असताना. काजळी कापडाला क्लीनर लावून पुसायची, टीपीएसवर फवारा नको. आयडल मोटरची सुई बोटाने आत ढकलू नका, आतले आटे जातात. गॅस्केट नवं.

त्यानंतर ईसीएमने जुनी मापं विसरावीत म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार दहा मिनिटं काढून ठेवली. परत जोडल्यावर एसी, दिवे बंद ठेवून, ॲक्सिलेटर न दाबता स्टार्ट करा आणि पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत तशीच चालू राहू द्या. मग एसी लावून पाच मिनिटं. सुरुवातीला रेस वर-खाली झाली तर मध्येच बंद करू नका. गाडी एकदा रस्त्यावर फिरवल्यानंतरही ती हेलकावे खात असेल, तर हवा अजून कुठूनतरी शिरते आहे. इंजेक्टरच्या ओ-रिंगा तपासायच्या राहिल्या असतील.