तुम्ही विचारलंत म्हणून: लांबच्या प्रवासाला भरवशाची गाडी कोणती?

हिमाचलमधलं स्पिती खोरं करून आल्यापासून हा प्रश्न मला सतत येतो. "वाटेत दगा न देणारी ॲडव्हेंचर बाइक सांगा." पूर्वी मी पटकन नाव सांगून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, आडवी पडलेली गाडी तुम्हाला एकट्याने उचलता येते का?

ग्रांफूहून काझाकडे जाताना छत्रू सोडलं की बातालपर्यंतचा रस्ता म्हणजे नदीचं पात्रच. गोटे, वाळू, मध्ये मध्ये नाले. वरचा बर्फ उन्हाने वितळतो, त्यामुळे सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी गुडघ्यापर्यंत चढतो. आम्ही जेवणात वेळ घालवला आणि तिथे पोचलो तीन वाजता. पाण्याखालच्या गोट्यावरून पुढचं चाक सरकलं आणि गाडी डावीकडे कलंडली. सामानासकट सव्वादोनशे किलो. समोरून ओढून पाहिलं, हललीसुद्धा नाही. मग गाडीकडे पाठ केली, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कॅरिअरला, कंबर सीटला टेकवली आणि पायांच्या जोरावर रेटत रेटत उभी केली. जवळपास ४,००० मीटरवर एवढं केलं की धड श्वास घेता येत नाही. क्लचचा लिव्हर वाकला होता, तो तसाच ठेवला. सरळ करायला गेलं की तुटतो.

तेव्हापासून भरवशाची गाडी म्हणजे काय, हे माझ्यापुरतं पक्कं झालंय. हल्लीच्या गाड्यांची इंजिनं सहसा बंद पडत नाहीत. अडवतात त्या बारीक गोष्टी: पंक्चर, तुटलेली केबल, सैल झालेली चेन, वाकलेली रिम. त्या तिथल्या तिथे निस्तरता आल्या पाहिजेत आणि पार्ट जवळच्या गावात मिळाला पाहिजे.

म्हणून लडाख-स्पितीसाठी मी अजूनही रॉयल एनफिल्डची हिमालयन सांगतो. २०१६ साली आलेली ४११ सीसीची जुनी हिमालयन आता सेकंडहँडच मिळते. ताकद जेमतेम २४-२५ अश्वशक्ती, पण मनाली आणि लेहमध्ये भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांत ती इतकी आहे की केबल, ब्रेक पॅड तिथे सहज मिळतात. पुढचं चाक २१ इंची, खड्ड्यात अडकत नाही. टाकी १५ लिटरची. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपाशी 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी कित्येक वर्षं होती, तिच्यापुढे उभं राहिल्यावर टाकीचं महत्त्व कळतं. २०२३च्या अखेरीस आलेली नवी ४५० सीसीची हिमालयन ४० अश्वशक्तीची आहे, टाकी १७ लिटरची. हायवेवर ती फार सुखाची. पुण्याहून मनालीच जवळपास २,००० किलोमीटर आहे, त्यामुळे हेही महत्त्वाचंच.

अंगकाठी लहान असेल, किंवा पहिलीच मोठी सहल असेल, तर हिरोच्या एक्सपल्स २००चा विचार जरूर करा. हिमालयनपेक्षा सुमारे ४० किलोंनी हलकी. हायवेवर सावकाश जावं लागेल, पण नाल्यात पडली तर तुमच्याने उठेल. केटीएम ३९० ॲडव्हेंचर वेगवान आहे, मलाही मनापासून आवडते, पण तिची सीट उंच आहे. पाय टेकत नसतील तर दगडधोंड्यात जीव टांगणीला लागतो.

आणि गाडी कुठलीही घ्या, निघण्याआधी दोन कामं घरी करा. नवी क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारून ओवून चिकटपट्टीने बांधून ठेवा. जुनी तुटली तर टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम. आणि तारांच्या चाकांत ट्यूब असेल, तर मागचं चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन परत बसवायचं, स्वतःच्या हाताने, दोनदा. पहिल्या वेळी मला दीड तास लागला होता. सुटी ट्यूब एकच न्यायची असेल तर २१ इंची न्या, अडीअडचणीला ती मागच्या १७ इंची चाकातही बसते.

माझी हिमालयन दारातच उभी असते. घ्यायचं ठरवण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी या. समोरच्या मैदानात आडवी करू, तुम्ही एकट्याने उचलून बघा.