आगाऊ भाडे स्वीकारताना

पुण्यातील आमच्या सदनिकेच्या भाडेकरूंनी सहा महिन्यांचे भाडे एकरकमी देऊ केले, तेव्हा ती रक्कम अनामत नसून कोणत्या महिन्यांचे भाडे आहे, हे मी करारातच लिहून घेतले. कारण महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी घर वापरण्याच्या परवानगीच्या) करारावरील ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क मोजताना भाडे पूर्ण धरतात, परत करायच्या अनामतीवर मात्र वार्षिक १० टक्क्यांनी होणारे व्याजच धरतात. मुदतीआधी घर सोडल्यास उरलेले भाडे कधी परत करायचे, हेही नमूद केले; तोंडी आश्वासनांवर माझी फारशी श्रद्धा नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार कराराच्या नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, नोंदणी नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. पैसे बँकेतून आले, तरी महिन्यांच्या उल्लेखासह पावती दिली.