आमची वाटचाल : उघड्या काँटॅक्टवरचे 80 व्होल्ट

शिरोली एमआयडीसीत आमचं युनिट आहे. माणसं सात, गाळा भाड्याचा आणि माल एकच, इनपुट-रिले कार्ड, म्हणजे सिग्नल वाचून रिले (विजेवर चालणारे स्विच) चालवणारा बोर्ड. फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते सांगणारा), फ्लोट (पाण्याची पातळी), प्रेशर स्विच, प्रॉक्सिमिटी (जवळ वस्तू आली का) यांपैकी कशाचाही सिग्नल आला किंवा गेला की ठरलेले रिले ठरलेल्या क्रमाने ओढायचे, म्हणजे चालू करायचे. रिले ओढणं सोपं आहे. सिग्नल खरोखर गेला की नाही, हे ओळखण्यात आमची कंपनी एकदा बुडता बुडता राहिली. त्याबद्दल बाहेर जे बोललं गेलं ते अर्धंच होतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानामागे झाली. भागीदार माझा आयटीआयचा मित्र. तो वायरिंगमधला, मी प्रोग्रॅममधला. कॉपर बोर्डावर मार्करने ट्रॅक काढायचे, फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बोर्ड हलवत बसायचं, मग हातड्रिलने भोकं पाडायची. 25 वॅटची सोल्ड्रॉन (डाग द्यायची इस्त्री), 89सी51 मायक्रोकंट्रोलर, पीसी817 ऑप्टो (बाहेरचा सिग्नल प्रकाशाने आत पोचवणारा सुटा भाग), रिले चालवणारी यूएलएन2003 चिप आणि 12 व्होल्टचे छोटे शुगरक्यूब रिले, एवढाच संसार. मित्राने एका सागवानी फळीवर आठ टॉगल आणि 15 वॅटचे आठ दिवे बसवले होते. प्रत्येक कार्ड त्या फळीवर रात्रभर चालल्याशिवाय बाहेर जायचं नाही. मित्र पुढे गावी शेती बघायला गेला, फळी मात्र इथेच आहे. होल्डर तेवढे दोनदा बदलले.

पहिली ऑर्डर अण्णांची. त्यांची लहान फौंड्री, एकच इंडक्शन भट्टी. भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी थांबलं तर काय होतं, हे भट्टीवाल्यांना सांगायला नको. लाइट गेली तरी आतला वितळलेला धातू कॉइल तापवतच राहतो. आमचं काम असं होतं : पाणी थांबून फ्लो स्विच उघडला (त्याचा काँटॅक्ट तुटला) की स्टँडबाय पंप चालू, पाच सेकंदांत प्रवाह आला नाही तर भट्टीची पॉवर ट्रिप, हूटर चालू आणि वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा. अण्णांनी पैसे देण्याआधी स्वतः व्हॉल्व्ह बंद करून बघितला. एकदा नाही, तीनदा. मग म्हणाले, "पोरा, आता चहा घे."

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग जिल्ह्यातल्याच एका मोठ्या फौंड्रीचं काम मिळालं. त्यांना इनपुट 230 व्होल्टचे हवे होते, कारण त्यांच्या जुन्या पॅनेलमध्ये तेच होते. मी हो म्हणालो. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलं होतं की सिग्नलची केबल वेगळी ओढायची. त्यांच्या काँट्रॅक्टरने 120 मीटरची एकच मल्टिकोअर टाकली आणि फेज व सिग्नल त्यातूनच नेले. चार महिन्यांनी एका रात्री पंप बंद पडला, पाणी थांबलं, फ्लो स्विच उघडला, आणि आमचं कार्ड ढिम्म. एका मेल्टरला पाइपचा आवाज बदललेला जाणवला, त्याने धावत जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह हाताने उघडला. कोणाला इजा झाली नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

सकाळी मला सर्वांसमोर उभं केलं. कार्ड टेबलावर घेतलं तर उत्तम चालत होतं. दुसऱ्या रात्री जागेवरच मीटर लावला : फ्लो स्विच उघडा आणि इनपुटवर 80 व्होल्ट! तिथेच 15 वॅटचा दिवा जोडला, तर व्होल्टेज शून्य, दिवाही अंधार. तेव्हा उलगडलं. शेजारच्या फेजमधून केबलच्या कपॅसिटन्समुळे एक मिलीअँपियरच्या आतला करंट येत होता, पण आमचा 100 किलोओहमचा इनपुट इतका हलका (फार कमी करंटवर चालणारा) होता की ऑप्टोला तेवढाही पुरत होता आणि कार्डाला स्विच अजून जोडलेलाच वाटत होता. म्हणजे केबल चुकीची पडली हे खरं, आणि माझा इनपुट हलका होता हेही खरं. दोन्ही मी लेखी दिलं. त्यांनी फक्त दुसरं वाचलं आणि उरलेलं 60 टक्के बिल थांबवलं.

त्याच आठवड्यात एक विक्रेता, जो आधी आमचीच कार्डं विकायचा, "त्यांची कार्डं भट्ट्या उडवतात" असं सांगत फिरू लागला. तीन ऑर्डरी रद्द झाल्या, पत्नीचे दागिने बँकेत गेले. दोन महिन्यांनी त्याचं स्वतःचं कार्ड बाजारात आलं, आमच्यापेक्षा स्वस्त. मी एक मागवलं. आमच्या बोर्डावर छपाईच्या चुकीने 'आर12' हे नाव दोनदा आलं होतं. त्याच्या बोर्डावरही ते दोनदा होतं, त्याच जागी. स्नबर (काँटॅक्टवरची ठिणगी शोषणारी कपॅसिटर-रेझिस्टरची जोडी) मात्र काढून टाकलेले, स्वस्ताई तिथून आलेली.

त्या काळात अण्णा फळीसमोर येऊन बसायचे. नवं कार्ड रविवारी त्यांच्याच भट्टीवर लावून बघितलं. इनपुट 24 व्होल्ट डीसी, बंद (जुळलेल्या) काँटॅक्टमधून निदान 10 मिलीअँपियर वाहतील असा. 50 मिलीसेकंद सलग स्थिर राहिलेलाच सिग्नल खरा मानायचा. फ्लो स्विचचे एनओ (एरवी उघडा) आणि एनसी (एरवी बंद) हे दोन्ही काँटॅक्ट आणायचे. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर तो बिघाड. सगळं ठीक असताना रिले ओढलेला ठेवायचा, म्हणजे वायर तुटली किंवा कार्डाची सप्लाय गेली तरी तो सुटून पंप लागतो. आणि पंपाच्या काँटॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचा) ऑक्झिलरी, म्हणजे जोडीचा छोटा, काँटॅक्ट परत इनपुटला. रिले सुटला म्हणजे पंप लागला, असं मी आता धरत नाही.

या धंद्यात येणाऱ्यांनी मल्टिमीटरच्या जोडीला पिशवीत साधा दिवा ठेवावा. डिजिटल मीटर भुताटकीचं व्होल्टेजही दाखवतो, दिवा दाखवत नाही. स्नबर लावताना हिशेब करा : 0.1 मायक्रोफॅरडमधून 230 व्होल्टला सात मिलीअँपियर गळतात, लहान काँटॅक्टर कधी कधी तेवढ्यावर सुटत नाही. आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं आहे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मला हे उशिरा कळलं.

ते 60 टक्के अजून आलेले नाहीत. त्या फौंड्रीत आज त्या विक्रेत्याचं कार्ड आहे, इनपुट तसाच 100 किलोओहमचा, केबल तीच. मी त्यांना रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं की कार्ड कोणाचंही ठेवा, पण इनपुट 24 व्होल्टवर घ्या, ते होईपर्यंत इनपुट जड करायला समांतर रेझिस्टर लावा. सोबत सर्किट काढून दिलं, पैसे मागितले नाहीत. पोचपावती माझ्या फाइलमध्ये आहे. उत्तर आलेलं नाही.